धोळावीरा: तीन पिढ्यांनी मिळून पाहिलेले पाण्याचे नगर

कच्छच्या मोठ्या रणातील खडीर बेटावर असलेले धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर पाहण्यासाठी आम्ही या जानेवारीत सहकुटुंब गेलो होतो. परत आल्यापासून ओळखीतले जे कोणी कच्छला निघतात आणि पांढरे रण पाहता पाहता तासाभरात धोळावीराही उरकून घेऊ असे म्हणतात, त्यांना मी एकच विनंती करते आहे की तसे करू नका. एक तर तिथे एक रात्र मुक्काम करा, नाही तर ते पुढच्या सहलीसाठी राखून ठेवा. हे नगर तासाभरात पाहणाऱ्याला दगडांचे ढिगारे दिसतात आणि दीड दिवस देणाऱ्याला पाणी दिसते, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सविस्तर सांगण्यासाठीच हा अभिप्राय लिहीत आहे.

आम्ही सहा जण होतो: मी, माझे यजमान, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले आहेत. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. दोघेही मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले असल्यामुळे पाण्याची टंचाई ही त्यांच्या दृष्टीने बातमी नसून बालपण आहे. ही माहिती इथे अप्रस्तुत वाटेल, परंतु धोळावीरा आम्हांला जसे दिसले ते या दोघांमुळेच तसे दिसले, म्हणून ती आधीच सांगितलेली बरी.

वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेसने भुजला पोहोचून तिथून भाड्याची गाडी करणे हा मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांसाठी सोयीचा मार्ग आहे. पूर्वी भुजहून भचाऊ आणि रापर असा मोठा वळसा घालून खडीर बेटावर जावे लागे; आता खावड्याकडून थेट रणातून जाणारा रस्ता झाल्यामुळे हे अंतर बरेच कमी झाले आहे आणि प्रवास अडीच-तीन तासांत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मीठ आणि मधूनमधून उथळ पाणी असा तो पट्टा खरोखरच विलक्षण आहे, आणि छायाचित्रांसाठी तिथे गाड्यांची रांगही लागलेली असते. आमची तक्रार रस्त्याबद्दल नाही, ज्यांच्याकडून आम्ही गाडी ठरवली त्या व्यवसायिकाबद्दल आहे. मुक्काम धोळावीरात आहे हे ठरवतानाच स्पष्ट सांगितलेले असूनही त्यांनी चालकाला त्याच दिवशी परतण्याची सूचना दिली होती, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून अर्धा तास फोनवर वाद घातल्यानंतर जादा पैसे देऊन तो प्रश्न सुटला. चालक स्वतः सज्जन होता, त्याचा यात काही दोष नव्हता. मुक्काम, चालकाच्या राहण्याची सोय आणि परतीची वेळ या तीन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, एवढे यातून नक्की शिकलो.

आम्ही दुपारी तीनच्या सुमारास स्थळावर पोहोचलो. प्रवेशद्वारापाशी स्थानिक वाटाडे भेटतात, आणि वाटाड्या घ्यावा की नाही हा प्रश्न इथे पडू देऊ नये, कारण त्याच्याशिवाय पाहणे म्हणजे नकाशाशिवाय फिरणे आहे. आम्हांला भेटलेले गृहस्थ त्याच गावचे होते. लहानपणी ते उत्खननाच्या चरांच्या कडेला बसून काम पाहत असत आणि त्यांच्या घरातील मोठी माणसे तिथे मजुरीला होती, त्यामुळे कोणती भिंत कधी मातीतून वर आली हे ते घरच्या गोष्टीसारखे सांगत होते. गावकरी या टेकाडाला पूर्वी कोटडा म्हणत असत. 1960च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी यांनी या स्थळाची नोंद केली आणि पुढे रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली 1989 ते 2005 या काळात तेरा हंगाम उत्खनन झाले. 2021च्या जुलैमध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इसवी सनापूर्वी सुमारे 3000 ते 1500 असा दीड हजार वर्षांचा वस्तीचा काळ इथे सात टप्प्यांत उलगडतो, आणि नगर उभे राहण्यापासून ते आटून पुन्हा साधे खेडे होण्यापर्यंतचा प्रवास एकाच जागी पाहायला मिळतो.

मुलांना नगराची रचना समजावताना आम्हांला एक सोपा मार्ग सापडला. सगळ्यांत उंचावर बालेकिल्ला, त्याला पश्चिमेकडून लागून असलेला दुसरा तटबंदीचा भाग म्हणजे जणू माची, उत्तरेला मोकळे मैदान, त्यापलीकडे मधले नगर आणि पूर्वेकडे खालचे नगर, असे सांगितल्यावर राजगड पाहिलेल्या माझ्या मुलीला सगळे एकदम उमगले आणि पुढे तीच भावाला दिशा दाखवू लागली. ते मैदान 283 मीटर लांब आणि साडेसत्तेचाळीस मीटर रुंद आहे, आणि बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाज्यातून उतरताना ते समोर पसरलेले पाहिले की इथे माणसे कशासाठी जमत असतील हा प्रश्न मनात आपोआप येतो. सण, बाजार, खेळ अशी अनेक उत्तरे दिली जातात. आमच्या मुलाने खेळ हे उत्तर पक्के करून लगेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावून दाखवले.

परंतु या नगराचा खरा प्राण पाण्याच्या व्यवस्थेत आहे. खडीर बेटाला बारमाही नदी नाही, भूजल बव्हंशी मचूळ आहे आणि पाऊस वर्षाकाठी सरासरी 300 मिलिमीटरच्याही आत पडतो. नगराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत, जे पावसाळ्यातले थोडे दिवस वाहतात आणि मग कोरडे पडतात. या ओढ्यांवर दगडी बंधारे घालून ते पाणी वळवायचे, तटबंदीच्या आत खोदलेल्या तलावांत आणायचे, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जमिनीला जो सुमारे 13 मीटरचा उतार आहे त्याचा उपयोग करून ते एका तलावातून दुसऱ्यात पुढे न्यायचे, अशी ती योजना होती. असे किमान 16 तलाव इथे होते. त्यांच्यामधले भराव पाणी अडवण्याचे काम करत आणि त्यांच्यावरून ये-जाही होत असे.

पूर्वेकडचा तलाव पाहताच बाबा थांबले. तो 73 मीटरांहून अधिक लांब आणि 29 मीटरांहून अधिक रुंद आहे, खोलीला दहा मीटरांपर्यंत जातो आणि त्यात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. वाटाड्या बांधकामाचे वर्णन करत असताना बाबांनी त्यांना विचारले की येवा, म्हणजे भरणारे पाणी, कुठून आत येत होता, जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा कुठे आहे आणि गाळाचे काय करत. हे तिन्ही प्रश्न त्यांनी आयुष्यभर कोणत्याही बंधाऱ्यावर पाय ठेवल्याबरोबर विचारलेले आहेत, आणि वाटाड्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना पाणी आत येण्याची जागा बोटाने दाखवली, तेव्हा दोघे भरावाच्या कडेने चालत पुढे निघून गेले आणि आम्ही मागे राहिलो. तलावाच्या तळात खडक फोडून खोदलेली विहीर आहे. तलाव आटला तरी तळाशी पाणी हाताला लागावे, हा त्यामागचा हेतू असणार, असे बाबा म्हणाले, आणि उन्हाळ्यात माणच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरण्याची आठवण त्यांनी मुलांना तिथेच सांगितली. मुलांनी ती आधी कधी ऐकलेली नव्हती. खरे तर मीही इतक्या तपशिलाने ऐकलेली नव्हती.

दक्षिणेकडच्या बाजूला एकामागोमाग एक तलावांची ओळ आहे आणि त्यातले काही चक्क खडकात कोरलेले आहेत. इथे थोडे जपून चालावे लागते, कारण कडेची वाट काही ठिकाणी अरुंद आहे. दुपारी उशिरा उन्हे तिरपी झाल्यावर कोरलेल्या बाजूंवरच्या छिन्नीच्या खुणा आणि दगडांचे थर स्पष्ट दिसतात. भर दुपारी सगळे एकसारखे पांढरट दिसते आणि डोळे दिपतात. हडप्पा संस्कृती म्हटली की आपल्याला शाळेच्या पुस्तकातल्या भाजलेल्या विटा आठवतात, इथे मात्र घडवलेला दगड मुबलक वापरला आहे आणि बालेकिल्ल्याच्या दरवाज्यापाशी खांबांचे जे भाग दिसतात त्यांना दिलेली झिलई आजही हाताला जाणवेल अशी आहे. अर्थात हात लावू नये. मुलांना हे आधीच बजावून ठेवावे.

बालेकिल्ल्यावर चढताना आईला त्रास झाला. उंची फार नाही, परंतु पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि धरायला काही नाही, म्हणून माझ्या यजमानांचा हात धरून ती हळूहळू वर आली आणि विहिरीपाशी टेकली. ही विहीर दगडाने बांधलेली आहे. वाटाड्या तिच्याविषयी काही सांगणार इतक्यात आई म्हणाली, “हे दोराचे वळ आहेत.” काठाच्या दगडावर खोल, गुळगुळीत खाचा पडलेल्या आहेत, आणि पाणी शेंदताना दोर वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने त्या पडतात हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिच्या माहेरच्या आडावर असेच दगड होते. पोहरा सोडताना आपला दोर जुन्या खाचेत बसवायचा म्हणजे तो सरकत नाही, आणि नव्या सुनेला ही खाच दाखवून द्यावी लागते, असे ती नातीला सांगू लागली. त्या खाचांकडे मी आधी पाहिले होते आणि मला त्या दगडाच्या झिजेसारख्या वाटल्या होत्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या हाताचा जोर आणि माझ्या आईच्या हाताची आठवण एकाच खाचेत भेटताना मी पाहिली, आणि सबंध प्रवासाचा शीण त्या क्षणी उतरला. वाटाड्याने नंतर जे सांगायचे होते ते आईलाच विचारून सांगितले, ही त्यांची नम्रता मला फार आवडली.

बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीही वाया जाऊ दिलेले नव्हते. जमिनीखाली दगडी गटारांचे जाळे आहे, त्यांना उतार आणि टप्पे दिलेले आहेत, वरून दगडी झाकणे आहेत, मधूनमधून हवा जाण्यासाठी मोकळी जागा आहे, आणि मुख्य गटारे एखादा माणूस आतून जाऊ शकेल एवढी मोठी आहेत. इथले वैशिष्ट्य हे की ही गटारे सांडपाण्यासाठी नसून पावसाचे पाणी गोळा करून साठवणीकडे नेण्यासाठी आहेत. मुलाला हा भाग सर्वांत आवडला. बाबांना इनामगाव आठवले: पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी खोदलेला पाट सापडला होता आणि नोकरीच्या काळात ते मुद्दाम ती जागा पाहायला गेले होते. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या दायमाबादला तर हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातील वस्तीचेच पुरावे मिळालेले आहेत. त्यामुळे मराठी वाचकाने धोळावीराला परक्या मुलखातले कौतुक म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर दरवाज्यालगतच्या खोलीत हडप्पा लिपीतील दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला, ही धोळावीराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. लाकडी फळीवर जिप्समचे तुकडे बसवून ती चिन्हे केलेली होती. लाकूड कुजून गेले आणि चिन्हे तशीच जमिनीवर पालथी राहिली. प्रत्येक चिन्ह वीतभराहून बरेच मोठे आहे, म्हणजे ते लांबून वाचता यावे अशीच योजना असणार. त्याचा अर्थ अजून कोणालाही लावता आलेला नाही. मूळ चिन्हे पाहायला मिळतील अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की दरवाज्यापाशी ती उघडी ठेवलेली नाहीत. मुलीने मात्र त्या दहा चिन्हांची आकृती वहीत उतरवून घेतली आणि परतीच्या गाडीत त्यांचे अर्थ लावण्यात दोन तास घालवले.

नगराच्या पश्चिमेकडे दफनभूमी आहे आणि तिथे अर्धगोलाकार उंचवट्याची थडगी आहेत. त्यातल्या उत्खनन झालेल्या एका थडग्याचा आराखडा आऱ्या असलेल्या चाकासारखा निघाला; आत मणी आणि सोन्याचे दागिने सापडले, परंतु सांगाडा सापडला नाही. दूर कोठे मरण पावलेल्या माणसाचे ते स्मारक असावे का, असे आई म्हणाली. बरेच प्रवासी इथपर्यंत येत नाहीत आणि वेळ कमी असेल तर हा भाग सोडला तरी चालेल. शेवटच्या टप्प्यात इथे आलेल्या लोकांनी बांधलेल्या गोल झोपड्यांच्या खुणा मात्र सोडू नयेत, कारण कच्छमधले भुंगे, म्हणजे तिथली पारंपरिक मातीची घरे, आजही तशाच गोल आकाराचे असतात आणि 26 जानेवारी 2001च्या भूकंपात त्यांपैकी अनेक टिकून राहिले. धोळावीराच्या भिंतींमध्येही प्राचीन भूकंपांचे पुरावे मिळालेले आहेत, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

प्रवेशद्वाराजवळचे संग्रहालय लहान आहे. मुद्रा, मणी, शंखाच्या वस्तू, वजने आणि मातीची भांडी नीट मांडलेली आहेत आणि अर्ध्या तासात पाहून होतात. आम्ही ते दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्थळ पाहून झाल्यावर पाहिले, आणि हाच क्रम योग्य ठरला, कारण मणी कोणत्या वस्तीत घडले आणि भांडे कोणत्या विहिरीजवळ वापरले असेल याचे चित्र तोपर्यंत मुलांच्या मनात तयार झालेले होते. साप्ताहिक सुट्टीचा दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

मुक्कामासाठी आम्ही भुंग्यांच्या धर्तीवर बांधलेल्या एका निवासात राहिलो. खोल्या स्वच्छ होत्या, परंतु रात्री गरम पाणी मिळाले नाही आणि जानेवारीत रणातली थंडी बोचरी असते, तेव्हा ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी लोकरीचे कपडे आणि जास्तीचे पांघरूण अवश्य न्यावे. जेवण मात्र उत्तम मिळाले. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, खिचडी-कढी, गूळ, तूप आणि ताक असा साधा बेत होता आणि रोटला चुलीवरचा होता. आईने तो हातात घेऊन उलटून पाहिला आणि आपल्या भाकरीपेक्षा जाड थापतात एवढाच शेरा दिला, मग दुसरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्योदयानंतर आम्ही पुन्हा स्थळावर गेलो, आणि ज्येष्ठांसाठी हीच वेळ सर्वोत्तम आहे असे मी म्हणेन. संपूर्ण परिसरात सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दहाच्या आत बाहेर पडलेले बरे. टोपी, माणशी निदान एक लिटर पाणी, चांगल्या तळव्याचे बूट आणि ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी काठी, एवढे जवळ हवे. स्वच्छतागृह प्रवेशाच्या बाजूला आहे, आत शिरल्यावर नाही. आईने दुसऱ्या दिवशी बालेकिल्ला टाळला आणि पूर्वेकडच्या तलावाच्या काठावर निवांत बसून राहिली. चढ न चढता नगराचे वैभव पाहायचे असेल तर ती जागा पुरेशी आहे. परतताना आम्ही दहा-एक किलोमीटरवरचे, रणाच्या काठी असलेले जुरासिक काळातील वृक्षांच्या जीवाश्मांचे ठिकाणही पाहिले. तिथे पाऊण तास पुरतो आणि मुले असतील तर ते चुकवू नये.

पूर्ण गुण द्यावेत अशी ही जागा आहे आणि मी ते देते; गाडीचा आणि गरम पाण्याचा त्रास हा तिचा दोष नाही. लहान मुलांना कंटाळा येईल का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. आमच्या मुलांना आला नाही, परंतु त्याचे श्रेय आजी-आजोबांना आहे, म्हणून शक्य असेल तर घरातली अशी माणसे बरोबर न्यावीत, ज्यांनी कधीतरी दोराने पाणी शेंदले आहे.

बाबांचे सगळे प्रश्न काही अजून सुटलेले नाहीत. येव्याची जागा त्यांनी पाहिली, सांडव्याबद्दल त्यांचे समाधान झाले नाही आणि गाळाविषयी त्यांनी वाटाड्याचा दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवला आहे. पुढच्या खेपेस पावसाळा संपता संपता जायचे आणि मानसर-मनहरमध्ये पाणी असताना बंधाऱ्यांच्या जागा पाहायच्या, असे त्यांनी ठरवले आहे. त्या दिवसांत रण पाण्याने भरलेले असते, तेव्हा रस्ता कसा आहे याची चौकशी भुजहून निघण्यापूर्वीच करायची आहे, आणि या वेळी गाडीवाल्याशी बोलणी ते स्वतः करणार आहेत.